एकाच शनिवारी शिरलेले दोन बिघाड: घरी जोडलेल्या पीसीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या पीसीचं आहे. ती घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं घेते आणि मशीन तिनं स्वतः असेंबल केलेलं आहे. तिची ओळख पटेल असं सगळं इथे गाळलं आहे. मशीनचे तपशील मात्र ठेवले आहेत, कारण उलगडा त्यांतूनच झाला.

रायझन ५००० मालिकेतला आठ कोअरचा प्रोसेसर, रॅमचे चार स्लॉट असलेला मदरबोर्ड, ७५० वॉटचा मॉड्युलर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा; मॉड्युलर म्हणजे सुट्या केबल काढता-लावता येणारा), एक एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) आणि डीडीआर४ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक. रॅम एक्सएमपी प्रोफाइलवर, म्हणजे स्टिकमध्येच भरून दिलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगवर, ३६०० च्या वेगानं (सेकंदाला इतक्या दशलक्ष देवघेवी) चालत होती. सात महिने हे मशीन एकदाही अडलं नाही. रात्रभर रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करण्याचं काम) लावून ती निर्धास्त झोपत असे.

मग कामं मोठी आली आणि ३२ जीबी रॅम पुरेना. तिनं त्याच कंपनीचं, त्याच मॉडेल नंबरचं दोन स्टिकचं आणखी एक पाकीट घेतलं, आणि सोबत नवं ग्राफिक्स कार्डही. जुन्या कार्डाला आठ पिनची एकच पॉवर जोडणी लागायची, नव्याला दोन. शनिवारी दुपारी तिनं कॅबिनेट उघडलं आणि कार्ड आणि रॅम दोन्ही एकाच बैठकीत बसवलं. सोमवारी पहिला क्रॅश झाला.

अडचण

तीन आठवड्यांनी तिनं मला फोन केला तेव्हा मशीन एकोणीस वेळा बंद पडलं होतं. दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तीन आवृत्त्या बदलून झाल्या होत्या आणि मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, तेही अपडेट केलेलं होतं. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी तिनं चालवली होती, ती स्वच्छ निघाली. ती तपासणी आटोपशीर असते. तिनं दोष दाखवला तर तो खरा मानावा, पण काही दाखवलं नाही म्हणून रॅम निर्दोष धरू नये.

तिच्याकडे एक फार मोलाची गोष्ट होती. पहिल्या आठवड्यापासून ती वहीत नोंदी ठेवत होती: तारीख, वेळ, काय चालू होतं, पडद्यावर काय दिसलं. फॉरमॅटमुळे विंडोजमधल्या जुन्या नोंदी गेल्या असत्या, पण फॉरमॅट मारण्यापूर्वी तिनं सिस्टिम लॉगही पेनड्राइव्हवर काढून ठेवला होता. ती वही नसती तर आम्ही आणखी महिनाभर चाचपडत बसलो असतो, याबद्दल मला शंका नाही.

फोनवर तिचं वाक्य होतं, "काहीही चालू असताना बंद पडतं रे, काही पॅटर्नच नाही." मी विचारलं, "एरर कुठला येतो?" हा प्रश्न चुकीचा होता हे मला नंतर कळलं. एरर एकच असणार, हे मी न तपासताच धरून चाललो होतो.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी चार वाटा दिसत होत्या.

पहिली, तिसऱ्यांदा फॉरमॅट. दोनदा करून फरक पडला नव्हता, म्हणून ही बाजूला ठेवली. दुसरी, जास्त वॉटचा एसएमपीएस घेणं. तिनं तो जवळजवळ ठरवलाच होता, कारण नवं कार्ड जास्त वीज खातं हे उघड होतं. पण प्रोसेसर आणि कार्ड मिळून पूर्ण भारावर जेवढी वीज घेतात त्याची बेरीज ७५० च्या बरीच खाली येत होती. नुसता वॉटचा आकडा वाढवून काय साधणार, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. तिसरी, नवी रॅम वॉरंटीत परत पाठवणं. चौथी, काहीही न बदलता आधी असलेल्या नोंदी नीट वाचणं.

तिचा कल तिसरीकडे होता. पण एक गोष्ट आडवी येत होती. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक्सएमपी बंद करून पाहिलं होतं. दोन दिवस शांततेत गेले आणि तिसऱ्या दिवशी रेंडर चालू असताना मशीन खाडकन रिस्टार्ट झालं. "म्हणजे रॅमचा दोष नाही," असं ठरवून तिनं एक्सएमपी पुन्हा चालू केलं होतं.

या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच होता. आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तोच घेतला असता. दोष एकच आहे असं धरलं की उपाय करूनही क्रॅश आला म्हणजे उपाय चुकला, हा निष्कर्ष अगदी सरळ निघतो.

आम्ही चौथी वाट धरली. नव्यानं काही विकत घेण्याआधी एक शनिवार-रविवार फक्त वाचायचं आणि मोजायचं, एवढं ठरलं.

नोंदी वाचताना

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद बहुतेकांना भेटलेली असते. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. कारण ती सांगत नाही, म्हणून लोक तिला निरुपयोगी समजतात. पण तिच्या तपशिलात "बगचेक कोड" नावाचा एक आकडा असतो आणि खरा उपयोग त्याचाच. तो शून्य नसेल तर विंडोजला काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं आणि विंडोजनं ब्लू स्क्रीन, म्हणजे एररचा निळा पडदा, देऊन स्वतःहून काम थांबवलं होतं. शून्य असेल तर बहुधा विंडोजला काही कळायच्या आतच सगळं संपलेलं असतं: वीज तुटली, हार्डवेअरनं थेट रिसेट मारला, किंवा मशीन गोठलं आणि माणसानं बटण दाबून धरलं. बटण दाबून धरलं असेल तर त्याच नोंदीत पॉवर बटणाच्या वेळेचा रकाना भरलेला दिसतो.

वहीतल्या एकोणीस घटना आम्ही या आकड्यांशेजारी मांडल्या. अकरा ठिकाणी कोड शून्य होता. त्यांतल्या एकीत पॉवर बटणाची वेळ होती. तेव्हा मशीन गोठलं होतं आणि तिनंच ते बंद केलं होतं. उरलेल्या आठ ठिकाणी कोड होते आणि तेही वेगवेगळे: २६, ८०, ५९, पुन्हा २६. हे आकडे दशमान पद्धतीत असतात आणि ब्लू स्क्रीनचे कोड मात्र हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या पद्धतीत, लिहिले जातात, त्यामुळे शोधताना लोकांची फसगत होते. २६ म्हणजे हेक्समधला १ए, मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. ५९ म्हणजे ३बी, सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन.

मग तिनं वहीचं नवं पान काढून मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे कोड शून्य असलेले दहा रिस्टार्ट, उजवीकडे आठ ब्लू स्क्रीन. बटण दाबलेली घटना दोन्हींत न घेता खाली लिहिली. आता वेळ आणि काम यांचे रकाने पाहिले, तर डावीकडच्या दहाही घटनांत ग्राफिक्स कार्डावर भार होता: रेंडर, एक्सपोर्ट, नाहीतर गेम. उजवीकडे तसं काहीच नव्हतं. ब्राउझर उघडताना, फाइल कॉपी होताना, एकदा तर नुसता डेस्कटॉप समोर असताना.

"काही पॅटर्नच नाही" असं ती म्हणत होती, ते एकोणीस घटना एका यादीत होत्या म्हणून. रेघ मारल्याबरोबर दोन पॅटर्न समोर आले.

त्याच वेळी तिला आणखी एक गोष्ट आठवली. क्लायंटनं पाठवलेली एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला मजकूर मुळाशी जुळत नसल्याचा इशारा) आला होता. तीच फाइल पाच मिनिटांनी पुन्हा उघडली तर व्यवस्थित उघडली. तेव्हा तिनं ते सोडून दिलं होतं. डिस्कवरची फाइल खरंच बिघडलेली असती तर ती दुसऱ्यांदाही उघडली नसती. एकदा बिघडलेली आणि एकदा चांगली दिसते, तेव्हा वाटेतल्या मेमरीवर संशय घ्यायलाच हवा.

काय केलं: डावा रकाना

सगळ्यात आधी चालू प्रोजेक्टचा बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवरून घेतला. रॅमवर संशय असताना त्याच मशीनवर कॉपी करणं म्हणजे चुकीचे बिट नव्या डिस्कवर नेऊन ठेवणं.

मग रिस्टार्टकडे वळलो. रॅम या चौकशीतून पूर्ण बाहेर ठेवायची होती, म्हणून नव्या दोन्ही स्टिक काढल्या, जुन्या दोन मूळ जागी, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ठेवल्या आणि एक्सएमपी बंद केलं. आधी फक्त प्रोसेसरवर भार दिला: प्राइम९५ या चाचणी-प्रोग्रामचा स्मॉल एफएफटी हा प्रकार, दोन तास. या प्रकारात रॅमवर ताण नाममात्र येतो. काहीही झालं नाही. तापमान मर्यादेच्या बरंच आत होतं, त्यामुळे कूलर आणि थर्मल पेस्टचा प्रश्नही तिथेच मिटला. नंतर ओसीसीटी या दुसऱ्या चाचणी-प्रोग्रामनं फक्त ग्राफिक्स कार्डावर भार दिला. सहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. कोड शून्य.

दुसऱ्यांदा तोच भार देताना सेन्सरचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवलं. तिच्या कार्डात पॉवर जोडणीवरचं व्होल्टेज मोजणारा सेन्सर होता. प्रत्येक कार्डात तो असतोच असं नाही. भार नसताना आकडा १२.१ व्होल्ट होता. भार चढला तसा तो ११.५, ११.४, ११.३ असा उतरत गेला आणि मशीन गेलं. तिचा एसएमपीएस ज्या काळातला आहे त्या काळच्या एटीएक्स (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या) नियमांत १२ व्होल्टच्या रेषेला पाच टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ पर्यंत. ती हद्द आमच्या डोळ्यांदेखत ओलांडली गेली.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. आल्या आल्या मी कॅबिनेट उघडून केबल पाहिल्या होत्या, कार्डाच्या बाजूचे दोन्ही कनेक्टर ओढून बघितले होते आणि "केबल ठीक आहेत" असं तिला सांगितलं होतं. एसएमपीएसच्या बाजूचं टोक मी पाहिलंच नव्हतं. ते खाली पत्र्याच्या आडोशात असतं, मागची बाजू उघडून टॉर्च धरल्याशिवाय दिसत नाही.

आता ते उघडलं. कार्डाकडे एकच केबल जात होती आणि तिच्याच टोकाला आठ पिनची दोन तोंडं होती; कार्डाच्या दोन्ही जोडण्या तीवरच. आठ पिनची एक जोडणी नियमाप्रमाणे १५० वॉटची. स्लॉटमधून मिळणारे ७५ वॉट सोडले तर कार्डाचा सगळा भार या एका केबलच्या एका प्लगमधून वाहत होता. आणि तो प्लग पूर्ण बसलेला नव्हता. खटका अडकलेलाच नव्हता; प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये नखाच्या जाडीची फट होती. बाहेर काढून पाहिला तर कडेच्या एका पिनभोवतीचं काळं प्लास्टिक तपकिरी पडून किंचित फुगलं होतं. वासही येत होता.

जुन्या कार्डाच्या वेळीही प्लग बहुधा असाच असणार. तेव्हा प्रवाह कमी होता म्हणून भागत होतं. अर्धवट टेकलेल्या पिनेला संपर्क कमी, म्हणून रोध जास्त. प्रवाह वाढला की तिथेच व्होल्टेज पडतं आणि उष्णता साठते. जास्त वॉटचा एसएमपीएस घेऊन तिनं तीच केबल तशीच लावली असती तर तोच प्रकार तिथेही झाला असता.

ती केबल टाकून दिली. एसएमपीएसच्या त्या सॉकेटमध्ये डाग नव्हता, तरी ते रिकामं ठेवलं. एसएमपीएसच्याच खोक्यात उरलेल्या दोन स्वतंत्र केबल दुसऱ्या सॉकेटांत लावल्या आणि खटका वाजेपर्यंत दाबल्या. खोक्यातल्याच वापरल्या, याला कारण आहे. मॉड्युलर केबलचं कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली नसते, कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. दुसऱ्या एसएमपीएसची केबल सहज आत बसते आणि मशीनचे भाग जाळू शकते.

तोच भार पुन्हा दिला. आकडा ११.९ च्या खाली गेला नाही. चार तासांनी आम्ही स्वतःहून थांबवलं.

काय केलं: उजवा रकाना

हे काम वेळखाऊ होतं, पण सरळ. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेतला. चारही स्टिक आणि ३६०० ची प्रोफाइल, या स्थितीत पहिली फेरी स्वच्छ गेली आणि दुसरीत तीन चुका आल्या. तीन थोड्या आहेत असं वाटू शकतं. पण इथे शून्याखेरीज कुठलाही आकडा नापासच.

लगेच वाटलं, नव्या पाकिटातली एखादी स्टिक खराब आहे. एकेक करून चारही तपासल्या. चारही ३६०० वर स्वच्छ. मग जुनी जोडी वेगळी, नवी जोडी वेगळी. दोन्ही स्वच्छ. चार एकत्र लावल्या की चुका.

म्हणजे स्टिकमध्ये दोष नव्हता. त्या परत पाठवल्या असत्या तर "तपासणीत काही आढळलं नाही" असा शेरा घेऊन त्या परत आल्या असत्या आणि दोन-तीन आठवडे फुकट गेले असते. हार्डवेअरचे तपशील दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये पाहिलं तर मॉडेल नंबर एक असूनही जुन्या जोडीतल्या चिप एका कंपनीच्या, नवीतल्या दुसरीच्या; जुनी जोडी दुहेरी रँकची (स्टिकवर चिपचे दोन गट), नवी एकेरी (एकच गट). रॅम बनवणाऱ्या कंपन्या तोच नंबर ठेवून आतल्या चिप बदलतात. दोन पाकिटं एकमेकांसोबत चालतील याची चाचणी कुणी केलेली नसते. चाचणी एका पाकिटातल्या स्टिकची झालेली असते.

त्यात एक्सएमपी हे मुळात ओव्हरक्लॉकच आहे, म्हणजे हमीच्या वेगापेक्षा जास्त पळवणं. डीडीआर४ चं नेहमीचं व्होल्टेज १.२, तर ही प्रोफाइल १.३५ वर चालते. या मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीनं दिलेली हमी दोन स्टिकला ३२००, चार एकेरी रँकच्या स्टिकला २९३३ आणि चार दुहेरी रँकच्या स्टिकला २६६७ एवढीच आहे. चार स्टिक ३६०० वर चालतील असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. बायोसमधला एक पर्याय तेवढा तसं सुचवत होता.

दुसरा निर्णय: वेग की भरवसा

आता तीन रस्ते होते. जुन्या दोन स्टिक ३६०० वर ठेवायच्या आणि ३२ जीबीत भागवायचं. चारही ठेवून वेग उतरवायचा. नाहीतर मेमरी कंट्रोलरची (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाची) व्होल्टेजं आणि टायमिंग हातानं जुळवत ३२०० किंवा वर जाता येतं का बघायचं.

तिसरा रस्ता तिला खुणावत होता. मी आग्रहानं नको म्हटलं. ते करता येतं, करणाऱ्यांना त्यात आनंदही मिळतो, पण प्रत्येक बदलानंतर रात्रभराची चाचणी लागते. शिवाय थंडीत पास झालेली सेटिंग उन्हाळ्यात नापास होऊ शकते. ज्या मशीनवर पोट आहे त्यावर हे करू नये असं माझं ठाम मत आहे.

३२०० वर एकदा तपासून पाहिलं. सात तासांनी एक चूक. २९३३ वर एक रात्र स्वच्छ गेली, पण चारांतल्या दोन स्टिक दुहेरी रँकच्या, म्हणून खालची मर्यादाच धरली: ६४ जीबी, २६६६ (म्हणजे वरची २६६७ चीच पायरी). दोन रात्री चाचणी, शून्य चुका. तिच्या एका नेहमीच्या प्रोजेक्टचा रेंडर ४१ मिनिटांऐवजी ४३ मिनिटांत झाला. दोन मिनिटांचं तिला काहीच वाटलं नाही.

निष्पत्ती

सहाव्या दिवशी ब्लू स्क्रीन आला.

तिचा आवाज फोनवर अगदी उतरलेला होता. पण या वेळी मिनिडम्प (क्रॅशच्या क्षणाची विंडोजनं जपलेली छोटी फाइल) हाताशी होता आणि त्यात ऑडिओ ड्रायव्हरच्या फाइलचं नाव स्पष्ट होतं. दुरुस्तीनंतर मी तिला एसएफसी स्कॅन, म्हणजे विंडोजमधलीच फाइल-तपासणी, चालवायला सांगितलं होतं. त्यात विंडोजच्या काही फाइल बिघडलेल्या सापडल्या, दुरुस्तही झाल्या आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं. तिचे दोन्ही फॉरमॅट रॅम चुका करत असताना मारलेले होते, ही गोष्ट मी पुरेशी गंभीरपणे घेतली नाही. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइल तपासतं. बाहेरून टाकलेले ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर त्याच्या कक्षेत येत नाहीत.

तिसरा फॉरमॅट त्या रात्री मारला आणि या वेळी त्याला अर्थ होता. त्यानंतरच्या दहा आठवड्यांत एकही क्रॅश नाही. त्या तीन आठवड्यांत एक्सपोर्ट केलेले व्हिडिओ तिनं पुन्हा नजरेखालून घातले. एकात एका फ्रेमवर हिरवे चौकोन उमटलेले सापडले. तो क्लायंटला नव्यानं पाठवला.

आज पुन्हा करायचं झालं तर

दोन नवे भाग एकाच दिवशी बसवणार नाही. आधी रॅम, रात्रभर मेमटेस्ट. दोन दिवसांनी कार्ड. तसं झालं असतं तर दोन्ही दोष वेगवेगळ्या दिवशी, आपापल्या नावानिशी पकडले गेले असते.

नोंदींवरची उभी रेघ पहिल्या आठवड्यात मारता आली असती. तेव्हा पाच घटना होत्या, तीन डावीकडच्या आणि दोन उजवीकडच्या. तेवढ्याही पुरल्या असत्या. आणि एखादा उपाय केल्यावर "क्रॅश थांबले का" असं विचारण्याऐवजी "कुठल्या रकान्यातले थांबले" असं विचारलं असतं, तर एक्सएमपी बंद केलेल्या दिवसांचा अर्थ तिला तेव्हाच लागला असता. ते दिवस आम्ही मागाहून तपासले: त्या काळात उजव्या रकान्यात एकही नोंद नव्हती.

केबलची दोन्ही टोकं पहिल्या दहा मिनिटांत पाहायला हवी होती. ही चूक पूर्ण माझी. तो तपकिरी पडलेला प्लग आणखी महिनाभर तसाच राहिला असता तर प्रकरण क्रॅशवर थांबलं नसतं, या विचारानं मला आजही अस्वस्थ वाटतं.

मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तिनं आता एक कागद चिकटवला आहे: रॅम २६६६, एक्सएमपी बंद, कार्डाच्या केबल कुठल्या सॉकेटांत, शेवटचा बदल कधी. वहीही चालू आहे. रेघेखाली लिहिलेली ती एक घटना, रात्री दोनच्या सुमारास नुसता ब्राउझर उघडा असताना गोठलेला पडदा, तिथेच आहे. रॅममुळे झालं असावं असा आमचा अंदाज आहे, पण डम्प नाही, कोड नाही, म्हणून तिनं ती उजव्या रकान्यात नेलेली नाही. पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.